४५ वेळा गमावलेला चेंडू: जेरेमी लिनचा फेब्रुवारी २०१२

फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यूयॉर्क निक्स या बास्केटबॉल संघाच्या जेरेमी लिनच्या नावावर दोन आठवड्यांच्या आत दोन विक्रम लागले. पहिला सगळ्यांना आठवतो. स्टार्टर म्हणून, म्हणजे सुरुवातीपासून मैदानात उतरणाऱ्या पाचांपैकी एक म्हणून, पहिल्या पाच सामन्यांत त्याने १३६ गुण केले. १९७६ मध्ये एनबीए आणि एबीए या अमेरिकेतल्या दोन लीग एकत्र आल्या, त्यानंतर पहिल्या पाच सामन्यांत एवढे गुण कोणीच केले नव्हते, शकील ओनीलनेही नाही. दुसऱ्या विक्रमाचा विषय निक्सचे चाहते फारसा काढत नाहीत. स्टार्टर म्हणून पहिल्या सात सामन्यांत लिनचे ४५ टर्नओव्हर झाले. खेळाडूगणिक टर्नओव्हर मोजायला १९७७-७८ च्या हंगामापासून सुरुवात झाली, आणि पहिल्या सात सामन्यांत इतक्या वेळा चेंडू गमावणारा तोवर कोणी झाला नव्हता.

ज्यांचा जीव क्रिकेटमध्ये अडकलाय त्यांच्यासाठी थोडक्यात: शॉट मारायच्या आधीच चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला की तो टर्नओव्हर. पास मध्येच पळवला गेला, ड्रिबल करताना चेंडू हिसकावला गेला, चेंडू रेषेबाहेर गेला, पावलं चुकली, बचावपटूला धडक दिली, सगळं यातच येतं. एनबीएत एका आक्रमणातून सरासरी एखादा गुण मिळतो. त्यामुळे टर्नओव्हर म्हणजे साधारण एक गुण पाण्यात, आणि चेंडू खेळता असतानाच हिसकावला गेला असेल तर समोरचा संघ मोकळ्या मैदानातून धावत जाऊन आणखी दोन गुण ठोकणार, हे वर.

तेव्हापासून आजतागायत लिनबद्दलचं भांडण या दोन आकड्यांभोवती फिरतंय. एका बाजूचं म्हणणं, हा पोरगा हिरा आहे, टर्नओव्हर काय, अनुभवाने कमी होतील. दुसरी बाजू म्हणते, गळकी बादली आहे, भरलेली दिसते एवढंच. माझ्या मते दोन्ही बाजू एकाच चुकीच्या ठिकाणी उभ्या आहेत. गुण आणि टर्नओव्हर या जमेच्या आणि खर्चाच्या दोन वेगळ्या नोंदी आहेत, असं दोघं धरून चालतात. लिनच्या बाबतीत त्या दोन्ही एकाच गोष्टीतून आल्या, आणि ती गोष्ट समजून घ्यायची तर आधी त्याच्या हाती चेंडू आला कसा ते पाहावं लागतं.

तीन दारं

लिन कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत वाढला. आईवडील तैवानहून आलेले. २००६ मध्ये त्याच्या शाळेने, पालो आल्टो हायने, राज्याची स्पर्धा जिंकली. त्या हंगामात ३२ सामने जिंकले, हरले एक. तरीही एकाही विद्यापीठाने त्याला खेळाची शिष्यवृत्ती देऊ केली नाही. तो हार्वर्डला गेला, अर्थशास्त्र शिकला. २०१० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, त्याचं नाव कोणी पुकारलं नाही.

गोल्डन स्टेट वॉरियर्सने त्याला घेतलं, पण पहिल्या हंगामात २९ सामन्यांत सरासरी २.६ गुण, आणि मध्येमध्ये एनबीएच्या खालच्या डी-लीगमध्ये, रिनोला रवानगी. ९ डिसेंबर २०११ ला वॉरियर्सने त्याला सोडलं, कारण दुसऱ्या एका खेळाडूला, डीआंड्रे जॉर्डनला, मोठी बोली लावायला पगाराच्या मर्यादेत जागा हवी होती. (ती बोली जॉर्डनच्या संघाने, क्लिपर्सने, तेवढीच रक्कम देऊन परतवली. म्हणजे जॉर्डनही नाही आणि लिनही नाही.) ह्यूस्टन रॉकेट्सने उचललं आणि १२ दिवसांनी, नाताळच्या आदल्या दिवशी, सोडून दिलं. २७ डिसेंबरला निक्सने घेतलं, तेही त्यांचा इमान शंपर्ट जखमी झाल्यामुळे. पगार हंगामाला साडेसात लाख डॉलरच्या आसपास, लीगमधल्या किमान पातळीवरचा, आणि १० फेब्रुवारीपर्यंत कधीही काढून टाकण्याची मुभा. जानेवारीत त्याला पुन्हा खालच्या लीगमध्ये, ईरीला पाठवलं. तिथे पहिल्याच सामन्यात २८ गुण, ११ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू), १२ असिस्ट (थेट बास्केट घडवणारे पास). तीन दिवसांनी परत बोलावलं. न्यूयॉर्कमध्ये तो भावाच्या घरी सोफ्यावर झोपायचा, आणि एक रात्र सहकारी लँड्री फील्ड्सच्या सोफ्यावर.

त्या वर्षी लॉकआउट झाला होता, म्हणजे खेळाडूंशी करार होईना म्हणून मालकांनी लीगच बंद ठेवली होती. हंगाम नाताळच्या दिवशी सुरू झाला आणि ८२ ऐवजी ६६ सामने कोंबून बसवले होते. सराव करायला दिवसच नव्हते. हे लक्षात ठेवा, टर्नओव्हरच्या हिशेबात हे कोणी धरत नाही.

निक्सची अवस्था ८ विजय, १५ पराभव अशी होती. शेवटच्या १३ पैकी ११ हरलेले. प्रशिक्षक माइक डँटोनी यांचं आक्रमण पूर्णपणे पॉइंट गार्डवर, म्हणजे चेंडू पुढे आणून आक्रमण रचणाऱ्या खेळाडूवर, उभं असायचं, फिनिक्समध्ये स्टीव्ह नॅशला हाताशी धरून त्यांनी ते घडवलं होतं. निक्सकडे मात्र तसा गार्डच नव्हता. बॅरन डेव्हिस जखमी, बाकीच्यांना जमत नव्हतं. ४ फेब्रुवारीला न्यू जर्सी नेट्सविरुद्ध डँटोनींनी नाइलाजाने लिनला उतरवलं. २५ गुण, ७ असिस्ट, निक्स ९९-९२ ने जिंकले.

पुढच्या सामन्यात तो स्टार्टर. त्याच दिवसांत अमारे स्टूडमायर भावाच्या अपघाती निधनामुळे सुट्टीवर गेला, आणि त्या युटा जॅझच्या सामन्यातच काही मिनिटांत कार्मेलो अँथनीची जांघ दुखावली. दोन्ही मोठे स्टार बाहेर. चेंडू आता एकाच माणसाकडे जाणार होता.

सात सामने, एकेक करून

६ फेब्रुवारी, युटा: २८ गुण, ८ असिस्ट, ८ टर्नओव्हर. जवळजवळ ४५ मिनिटं मैदानावर. विजय.
८ फेब्रुवारी, वॉशिंग्टन: २३ गुण, १० असिस्ट, २ टर्नओव्हर. विजय.
१० फेब्रुवारी, लेकर्स: ३८ गुण, ७ असिस्ट, ६ टर्नओव्हर. विजय.
११ फेब्रुवारी, मिनेसोटा: २० गुण, ८ असिस्ट, ६ टर्नओव्हर. विजय.
१४ फेब्रुवारी, टोरांटो: २७ गुण, ११ असिस्ट, ८ टर्नओव्हर. विजय.
१५ फेब्रुवारी, सॅक्रामेंटो: १० गुण, १३ असिस्ट, ६ टर्नओव्हर. विजय.
१७ फेब्रुवारी, न्यू ऑर्लिन्स: २६ गुण, ५ असिस्ट, ९ टर्नओव्हर. पराभव.

बेरीज करा. १७२ गुण, ६२ असिस्ट, ४५ टर्नओव्हर. असिस्टला टर्नओव्हरने भागलं तर १.४ सुद्धा येत नाही. चांगल्या पॉइंट गार्डकडून किमान दोनाला एक अशी अपेक्षा असते. या कागदावर लिन नापास. आणि या सातांपैकी सहा सामने निक्सने जिंकले.

लेकर्सच्या सामन्याच्या आदल्या रात्री कोबी ब्रायंटला लिनबद्दल विचारलं, तर याच्याबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही, असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये कोबीने ३४ गुण केले, लिनने ३८. त्याच्या पुढच्याच रात्री मिनेसोटात मात्र लिनचे पाय साथ देत नव्हते. २४ पैकी ८ शॉट आत गेले. समोर रिकी रुबियो होता, तोही त्याच वर्षी आलेला. शेवटी ४.९ सेकंद उरलेले असताना लिनच्या एका फ्री थ्रोने, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटने, सामना खिशात आला, १००-९८.

टोरांटोचा सामना या प्रकरणाचा गाभा आहे असं मला वाटतं. शेवटच्या दीड मिनिटात निक्सचे सगळे, म्हणजे सहाही गुण लिनचे. आधी धडक घेत बास्केट आणि वरचा फ्री थ्रो, ८७-८७. मग शेवटचा चेंडू. डँटोनींनी टाइमआउट घेतला नाही. लिन मध्यावर उभा राहून घड्याळ संपू देत होता, आणि अर्धा सेकंद राहिला असताना तीन गुणांचा शॉट आत. टोरांटोचे प्रेक्षक स्वतःच्या संघाच्या पराभवावर ओरडत उठले. तेच ते आठ टर्नओव्हर केलेले हात. आठ वेळा चेंडू घालवलेल्या माणसाकडे शेवटचा चेंडू द्यावा का, यावर त्या रात्री डँटोनींनी उत्तर दिलं होतं, आणि ते शॉट आत जाण्याच्या आधी दिलं होतं.

चेंडू जात कुठे होता

डँटोनींचं आक्रमण दिसायला सोपं. टायसन चँडलर, सात फुटी सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू), लिनच्या बचावपटूच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहायचा. लिन त्याला वळसा घालून आत शिरायचा. चँडलर वळून बास्केटकडे झेपावायचा. कोपऱ्यात स्टीव्ह नोव्हाक तीन गुणांसाठी तयार. याला पिक अँड रोल म्हणतात, लहान मुलांनाही शिकवतात. अवघड आहे ते त्यातलं पुढचं एक सेकंद. समोरचा सेंटर आपल्यावर येतोय की मागे हटतोय? कोपऱ्यातला बचावपटू नोव्हाकला सोडून आत आलाय का? त्या सेकंदात लिनला स्वतः मारायचं, चँडलरला वर फेकायचं किंवा कोपऱ्यात द्यायचं ठरवावं लागे. निक्सच्या जवळजवळ प्रत्येक आक्रमणाचं ते सेकंद आता त्याच्या वाट्याला होतं.

घरात कपबशा कोणाच्या हातून फुटतात? जो भांडी घासतो त्याच्या. बाकीच्यांचा हिशेब कोराच राहतो.

म्हणून ४५ पैकी मोठा वाटा हा कामाचा खर्च आहे, असं मी धरतो. आधीच्या निक्समध्ये एवढे टर्नओव्हर एका माणसाच्या नावावर नव्हते, कारण एवढे निर्णय एका माणसाकडे नव्हते. तिथे चेंडू बाजूला दिला जाई, मग कोणीतरी घड्याळाच्या शेवटी अवघड शॉट मारी आणि तो चुके. चुकलेला शॉट टर्नओव्हरच्या रकान्यात पडत नाही. दिसायला स्वच्छ, निकालाला तेच.

पण सगळंच खर्चात घालून मोकळं होता येत नाही, आणि इथे लिनच्या कट्टर चाहत्यांशी माझं पटत नाही. त्याच्या दोन खोडी स्पष्ट दिसत. तो आधी उडी मारी, मग पास कोणाला द्यायचा ते शोधी. हवेत असताना वाट बंद झाली की चेंडू कुठेतरी टाकावाच लागतो. दुसरं, तो उजवीकडे घुसे, डावीकडे जाताना डावा हात आणि विश्वास दोन्ही कमी. पहिले काही दिवस हे कोणाला माहीत नव्हतं, कारण याची चित्रफीत कोणी कशाला पाहून ठेवली असेल? नंतर सगळ्यांनी पाहिली.

मथळा

१७ फेब्रुवारीच्या पराभवानंतर अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या क्रीडा वाहिनीने मोबाइल साइटवर लिनच्या नऊ टर्नओव्हरबद्दल बातमी लावली. इंग्रजीत 'चिलखतातली फट' असा वाक्प्रचार आहे, अभेद्य वाटणाऱ्यातली कमजोरी या अर्थाने. त्यातला 'फट' यासाठीचा शब्द हाच चिनी वंशाच्या माणसांसाठी वापरली जाणारी जुनी शिवीही आहे. मथळा तोच होता, आणि चित्र लिनचं. साधारण अर्ध्या तासात तो काढला. लिहिणाऱ्याची नोकरी गेली. तेच शब्द पडद्यावर उच्चारणाऱ्या निवेदकाला ३० दिवस घरी बसवलं. लिनने हे मुद्दाम केलेलं नसावं असं म्हणून विषय संपवला.

हा मथळा या प्रकरणात बाजूची घटना नाही, कारण तो टर्नओव्हरबद्दलच होता. चेंडू हातून जाण्यासारख्या निव्वळ खेळातल्या गोष्टीवर बोलतानाही या माणसाचा चेहरा मध्ये येत होता. चार दिवस आधी मुष्टियोद्धा फ्लॉइड मेवेदरने ट्विट केलं होतं की लिन चांगला खेळाडू आहे, पण एवढा गाजावाजा तो आशियाई असल्यामुळे आहे, कृष्णवर्णीय खेळाडू हे रोज रात्री करतात. गाजावाजाबद्दल तो अगदीच चुकला नव्हता. पण पहिल्या पाच सामन्यांत १३६ गुण रोज रात्री कोणी करत नाही, आणि ज्या चेहऱ्यामुळे हा गाजावाजा झाला तो चेहरा शाळेतून विद्यापीठात जाताना आणि ड्राफ्टच्या रात्रीही त्याच्यासोबतच होता. रॉकेट्सचे व्यवस्थापक डॅरिल मोरी यांनी आपण त्याला ठेवायला हवं होतं अशी जाहीर कबुली तेव्हाच दिली होती.

मायामी

१९ फेब्रुवारीला गतविजेत्या डॅलसविरुद्ध २८ गुण, १४ असिस्ट, ५ चोऱ्या. टर्नओव्हर ७. विजय. २० ला अँथनी परतला, नेट्सनी निक्सला हरवलं, डेरॉन विल्यम्सने ३८ गुण केले. २२ ला अटलांटावर विजय. संघ १७ विजय, १७ पराभव, म्हणजे बरोबरीत.

२३ फेब्रुवारीला मायामी. मारिओ चाल्मर्स आणि नॉरिस कोल यांनी लिनला चेंडू मिळाल्यापासूनच गाठलं. स्क्रीन, म्हणजे चँडलरची ती भिंत, आली की दोघं मिळून त्याच्यावर तुटून पडायचे, डावीकडे जायला भाग पाडायचे, मागे लेब्रॉन जेम्स आणि ड्वेन वेड पास पळवायला टपलेले. ११ पैकी १ शॉट आत. ८ गुण, ३ असिस्ट, ८ टर्नओव्हर. निक्स १०२-८८ ने हरले.

हा सामना मी वेगळा काढतो. युटाविरुद्धचे आठ आणि मायामीतले आठ, रकान्यात सारखेच दिसतात. पण युटाविरुद्ध आठांच्या बदल्यात २८ गुण आणि ८ असिस्ट मिळाले होते, इथे काहीच नाही. युटाविरुद्ध लिन चुकत होता, मायामीत त्याला चुकवलं जात होतं. टर्नओव्हरचा आकडा हा फरक दाखवत नाही, आणि नेमका हा फरकच लिन काय दर्जाचा गार्ड आहे हे सांगणारा होता: बऱ्याच संघांना भारी, पण तयारी करून आलेल्या उत्तम बचावापुढे अजून कच्चा. २३ वर्षांच्या, जेमतेम दहा-बारा सामने पूर्ण खेळलेल्या मुलासाठी हे काही वाईट प्रगतिपुस्तक नाही. पण 'हिरा की गळकी बादली' अशा भांडणात असल्या उत्तराला जागा नसते.

चेंडू परत गेला

मार्चमध्ये संघ सलग सहा सामने हरला. अँथनीला चेंडू हातात घेऊन एकट्याने खेळायला आवडे, डँटोनींना चेंडू फिरता हवा होता. १४ मार्चला डँटोनींनी राजीनामा दिला. माइक वुडसन आले, चेंडू अँथनीकडे जास्त जाऊ लागला, आणि निक्सने उरलेल्या २४ पैकी १८ सामने जिंकले. लिनला नको असलेल्यांचा हा आवडता आकडा. तो खोटा नाही. पण त्यातल्या बहुतेक सामन्यांत लिन नव्हताच. २४ मार्चच्या सामन्यानंतर त्याच्या डाव्या गुडघ्यातला मेनिस्कस, म्हणजे कूर्चेची गादी, फाटल्याचं निघालं, शस्त्रक्रिया झाली, हंगाम संपला. एकूण ३५ सामने, सरासरी १४.६ गुण, ६.२ असिस्ट, ३.६ टर्नओव्हर.

जुलैत ह्यूस्टनने, म्हणजे नाताळात सोडून देणाऱ्या त्याच संघाने, तीन वर्षांसाठी सुमारे २.५१ कोटी डॉलर देऊ केले. तिसऱ्या वर्षीची रक्कम मुद्दाम १.४८ कोटींच्या आसपास फुगवलेली, कारण निक्सने ती दिली तर वर लक्झरी टॅक्सचा, म्हणजे पगारावर ठरावीक मर्यादेपलीकडे खर्च केल्याच्या दंडाचा, डोंगर उभा राहणार होता. अँथनीने या कराराला हास्यास्पद म्हटलं. निक्सने रक्कम जुळवली नाही. रेमंड फेल्टन आणि जेसन किड आधीच आणून ठेवले होते. टर्नओव्हरमुळे निक्सने लिनला सोडलं असं अजूनही कोणी म्हणतं, पण निर्णय ठरवणारी गोष्ट तिसऱ्या वर्षाचा तो धनादेश होता.

ह्यूस्टनने हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर जेम्स हार्डनला आणलं. चेंडू त्याच्याकडे गेला. लिन सगळे ८२ सामने खेळला, १३.४ गुण, ६.१ असिस्ट, २.९ टर्नओव्हर. असिस्ट-टर्नओव्हरचं गुणोत्तर दोनाच्या वर गेलं. ज्यांना त्याचे टर्नओव्हर कमी व्हायला हवे होते त्यांना ते मिळालं. १३६ गुणांचा माणूस मात्र पुन्हा दिसला नाही. पुढे लॉस एंजेलिस, शार्लट, ब्रुकलिन, अटलांटा, मध्ये आणखी एक मोठी गुडघ्याची दुखापत, आणि २०१९ मध्ये टोरांटोच्या बाकावर बसून मिळालेलं विजेतेपद. त्यानंतर चीन आणि तैवानमधल्या लीग, आणि २०२५ मध्ये निवृत्ती.

एक हिशेब मात्र राहतो. २०१६-१७ मध्ये ह्यूस्टनच्या नव्या प्रशिक्षकाने हार्डनला पूर्ण वेळ पॉइंट गार्ड केलं आणि संघाचा प्रत्येक चेंडू त्याच्या हाती दिला. हार्डन असिस्टमध्ये लीगमध्ये पहिला आला, आणि ४६४ टर्नओव्हरही केले, एका हंगामातला एनबीएचा विक्रम. दुसऱ्या क्रमांकावर ओक्लाहोमा सिटीचा रसेल वेस्टब्रुक, ४३८. त्या वर्षीच्या एमव्हीपीच्या, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या, मतदानात हीच दोन नावं वर होती, फक्त उलट क्रमाने. ह्यूस्टनचा तो नवा प्रशिक्षक म्हणजे माइक डँटोनी.